दारातला टिकाव

साहेब, तुम्ही सावड बुडवली.

तुमच्या खुर्चीत आता दुसरा माणूस बसतो आणि ‘मी नवीन आहे’ म्हणतो, ते ठाऊक आहे. माणूस नवीन असेल. खुर्ची तीच आहे. जी खुर्ची जीपमधून बरडवस्तीच्या बांधावर उतरली, वस्तीचं पाणी प्याली, ‘तुमची पाळी तुम्ही करा, आमची आम्ही करू’ असं बोलून गेली, तिच्यावर हा आरोप आहे. धान्य खाणारे, रस्ते खाणारे बरडवस्तीनं पाहिलेत. त्यांचं आता कोणाला नवल वाटत नाही. सावड बुडवणारा मात्र वस्तीनं पहिल्यांदा पाहिला.

सावड म्हणजे काय ते माहीत नव्हतं, असं तुम्हाला म्हणता येणार नाही. तो शब्द आधी तुमच्याच तोंडून निघाला. आज माझ्या रानात तुझी माणसं, उद्या तुझ्या रानात माझी. कागद नाही, साक्षीदार नाही. ज्यांची सावड ठरली ते दोघं एका तांब्यातलं पाणी पितात, की झालं. एखादा आपली पाळी विसरलाच, तर त्याच्याशी कोणी भांडत नाही. दिवस उगवायच्या आत त्याच्या दारात टिकाव आडवा ठेवून येतात. तो उठतो, टिकाव बघतो, उचलतो आणि निमूट कामावर येतो. टिकाव उचलला म्हणजे पाळी कबूल. बरडवस्तीत दारातल्या टिकावावर ऊन पडलेलं आजवर कोणी पाहिलं नाही.

वस्ती तीर्थपुरीच्या अलीकडं, डांबरी सडकेपासून आत. मधे काळ्या रानातली गाडीवाट आणि त्या वाटेला आडवा ओढा. उन्हाळ्यात ओढ्यात शेरडं चरतात. पावसाळ्यात मांडीइतकं पाणी, आणि पाणी नसेल तेव्हा गुडघ्याइतका चिखल. वस्तीच्या पुढच्या टोकाला फकरोद्दीनचं घर. थोडा कापूस, थोडी तूर आणि वाटेच्या कडेनं मोसंबीची बाग. बायको नूरबी. थोरला हाशिम शहागडला हायवेवर ट्रकचे टायर काढतो-बसवतो. धाकटी फलक.

फलक दहावी झाली आणि अकरावी सायन्सला तीर्थपुरीला जायला लागली. वस्तीतली ती पहिलीच. तिच्या आधी भुजंगाची तृप्ती हुशार होती. भुजंग म्हणजे ओढ्याला लागून ज्याचं रान आहे तो. तृप्ती दहावीनंतर घरी बसली आणि वर्षाच्या आत तिचं लग्न झालं. भुजंग त्यावर कधी बोलत नाही.

मागचा पावसाळा फलकनं कसा काढला ते सांगतो. चपला हातात, दप्तर डोक्यावर, सलवार गुडघ्याच्या वर धरून ओढ्यात शिरायचं. पलीकडं सडकेच्या फाट्यावर चहाचं दुकान. तिथं बसलेली माणसं पोरगी येताना दिसली की बोलणं थांबवून बघत राहायची. ती हापशावर पाय धुवायची तोवर बघायची. पाय पुसून चपला घालायची तोवर बघायची. मग बस यायची. कधी ती पाय धूत असतानाच बस निघून जायची. तिचं एक प्रॅक्टिकल असंच गेलं. सर म्हणाले, रोज उशिरा येणाऱ्या मुलींनी सायन्स कशाला घ्यावं.

ही गोष्ट फिरत फिरत शहागडला गेली. टायर खोलत असताना एक ड्रायव्हर हाशिमला म्हणाला, तुझ्या भैनीला बघायला फाट्यावर तिकीट लावावं लागंल. हाशिमनं हातातला पाना त्याच्या पायावर टाकला आणि घरी येऊन आईच्या समोर बसला. पोरीला उद्यापासून पाठवायचं नाही, म्हणाला. नूरबी भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पलटली, फुगेपर्यंत थांबली आणि मग म्हणाली की पाना त्याच्या पायावर टाकलास ते बराबर केलंस, आता पोरीच्या पायावर टाकू नको.

फकरोद्दीन कमी बोलतो. बोलला की त्याला चिकटून राहतो, हीच त्याची खोड. त्यानं पोराकडं बघितलं, पोरीकडं बघितलं आणि निकाल दिला.

“ये बरस जा. अगले बरस गाडी वस्ती पे आई तो बारहवीं. नई आई तो बस.”

गाडी म्हणजे शाळा-कॉलेजच्या मुलींची निळी एसटी. डेपोतल्या माणसानं आधीच सांगितलं होतं की पक्का भराव आणि ओढ्याचं पाणी खालून जायला नळ्या असल्या तर गाडी वस्तीपर्यंत सोडू, नाहीतर फाट्यापर्यंतच. म्हणजे फलकची बारावी ओढ्यातल्या नळ्यांत अडकली होती. हे तिला त्या रात्रीच कळलं. तिनं अब्बाला एवढंच विचारलं की नळ्या किती लागतात.

दिवाळीनंतर फकरोद्दीन आणि भुजंग तुमच्या जालन्याच्या कार्यालयात येऊ लागले. कधी तुम्ही मीटिंगला, कधी तुम्ही जेवायला. शेवटी सरपंच धर्मराज यांनी फोन केला आणि थंडीत एके दिवशी तुमची जीप आली. तुम्ही बुटाला चिखल लागू नये म्हणून बांधावरच उभे राहिलात. पण बोललात गोड. खोटं कशाला सांगू, वस्तीला तुम्ही आवडलात. तुम्ही म्हणालात की सरकारनं सगळं करायचं आणि लोकांनी बघत बसायचं, असा देश पुढं जात नाही. लोकांनी हात लावला पाहिजे. मुरूम तुमच्या बरडात आहे, हात तुमच्याकडं आहेत. भराव तुम्ही करा. नळ्या आणि वरचा खडीचा थर आमच्याकडं. मग हसून म्हणालात,

“तुमच्याकडं सावड असते ना? तसंच समजा. तुमची पाळी तुम्ही करा, आमची आम्ही करू.”

फकरोद्दीननं मान वर करून तुमच्याकडं पाहिलं. मग घरात जाऊन पाण्यानं भरलेला पितळी तांब्या आणला. तुम्हाला तहान लागली होती. तुम्ही वरून धार धरून प्यालात, तांब्या परत दिलात. तुमच्या देखत त्याच तांब्यातलं उरलेलं पाणी फकरोद्दीन प्याला. भुजंगानं मान हलवली. सावड ठरली.

कागद मागायचा होता, असं आता शहाणे लोक म्हणतात. खरं आहे. पण सावडीत कागद मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं. बरडवस्तीतल्या माणसाला ते जमत नाही. तुमच्या जागी चोर असता तर त्यांनी मागितलाही असता. तुम्हाला त्यांनी शेजाऱ्यासारखं धरलं.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. भुजंगाच्या बरडात मुरूम खणायचा, ट्रॉलीत भरायचा, वाटेवर ओतायचा, पसरायचा, पाणी मारायचं, पुन्हा ओतायचा. मुरूम दिसायला मऊ, पण टिकाव मारला की हाताच्या कोपरापर्यंत झिणझिण येते. पहिल्या आठवड्यात हातांना फोड आले, पुढं ते फुटले, मग घट्टे पडले. बायका घमेली वाहत होत्या. नूरबीचे गुडघे आधीच गेलेले. घमेलं डोक्यावर घेताना ती एक हात कमरेवर ठेवायची आणि उठताना तोंडातून बारीक आवाज निघायचा. कोणी बघितलं की तो आवाज ती खोकल्यात बदलायची. भुजंग सगळ्यांच्या आधी येऊन खणायला लागलेला असायचा. आपली पाळी झाली तरी दुसऱ्याची करायचा. कोणी घरी जा म्हटलं की म्हणायचा, घरी कोण वाट बघून राह्यलंय.

रुंदीसाठी तुमच्या ऑफिसचा पोरगा टेप घेऊन आला. त्यानं चुन्याची रेघ मारली ती फकरोद्दीनच्या मोसंबीच्या पहिल्या ओळीवरून गेली. झाडं फळाला आलेली, फळ अजून गोटीएवढं. पोरगा म्हणाला की एवढी रुंदी नसेल तर गाडीला मंजुरी मिळत नाही. फकरोद्दीन रेघेच्या या बाजूला उभा राहिला, त्या बाजूला उभा राहिला. मग घरातून कुऱ्हाड आणली. भुजंग म्हणाला, थांब फकरूभाई, मी तोडतो, तुझ्या हातानं नको. फकरोद्दीन म्हणाला, लावलं मी, तू कशाला पाप घेतो. एकेक झाड आडवं झालं. हिरव्या गोट्या मुरमावर गडगडत गेल्या. नूरबीनं त्या ओढणीत गोळा केल्या. त्यांचं लोणचंसुद्धा होत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. तरी तिनं सगळ्या वेचल्या.

कामाच्या मधेच रमजान लागला. फकरोद्दीननं रोजे धरले आणि टिकावही सोडला नाही. भुजंग ओरडला की उन्हात मरशील, घरी बस. त्यावर फकरोद्दीन म्हणाला, “रोजा माझा हाये. रस्त्याचा न्हाई.” मग वस्तीनं आपसांत न बोलता ठरवून टाकलं. काम पहाटे धरायचं आणि ऊन तापायच्या आत सोडायचं. ज्याला तहान लागेल तो ट्रॉलीच्या मागं जाऊन प्यायचा. फकरोद्दीनला ते कळत होतं. तो मुद्दाम ट्रॉलीकडं पाठ करून उभा राहायचा, म्हणजे त्यांना नीट पिता यावं.

फलक सुट्टीच्या दिवशी घमेली वाहायची. हाशिम महिनाभर लांब राहिला. मग एके दिवशी शहागडहून येताना ट्रकचं एक जुनं मोठं टायर गडगडत घेऊन आला, त्यात दगड भरून साखळीनं ट्रॅक्टरला बांधलं आणि मुरमावरून ओढायला लागला. रोलर मिळत नव्हता ना, म्हणाला. बहिणीशी बोलला नाही. पण संध्याकाळपर्यंत ओढत राहिला.

ईद झाली आणि नळ्या आल्या. मोठ्या, सिमेंटच्या, माणूस वाकून आत जाईल एवढ्या. ट्रकनं त्या ओढ्याच्या काठावर उतरवल्या. फलक एका नळीच्या या तोंडातून आत गेली आणि त्या तोंडातून बाहेर आली. बाहेर येऊन म्हणाली, भुजंगकाका, आतून सडक दिसती. भुजंगानं तोंड फिरवलं आणि नाक शिंकरलं.

मागोमाग तुम्ही आलात. या वेळी धर्मराज आधीच हजर, फ्लेक्स बांधलेला, फोटोवाला आणलेला. फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात ‘लोकसहभागातून विकास’ आणि तुम्हा दोघांचे हसरे चेहरे. वस्तीला ओळीनं उभं केलं. फलकला कॉलेजच्या ड्रेसमध्ये बोलावून पुढं घेतलं. मागं नळ्या. फोटोवाला फकरोद्दीनला म्हणाला, चाचा, टिकाव मारल्यासारखं करा. फकरोद्दीनला ते समजलं नाही. मारल्यासारखं कसं करायचं, म्हणाला, आणि खरोखर मारला. मुरूम उडून तुमच्या पँटवर पडला. लोक हसले. तुम्हीही हसलात. मग तुम्ही हात पुढं केलात, त्याच्या हातातून टिकाव घेतलात आणि फोटोसाठी खांद्यावर धरलात.

साहेब, तुम्हाला ते आठवत नसेल. वस्तीला आठवतं. तुम्ही टिकाव उचललात. वस्तीच्या लेखी तुमची पाळी त्या क्षणाला सुरू झाली. त्या दिवशी नूरबीनं शिरखुर्म्यातून उरलेल्या शेवया काढल्या आणि भुजंगाच्या घरी वाटी गेली.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी क्रेनवाला ट्रक आला. वस्तीला वाटलं नळ्या बसवायला आला. माणसं घमेली घेऊन पळत गेली. क्रेननं पहिली नळी उचलली ती ओढ्यात ठेवली नाही, ट्रकमध्ये ठेवली. फकरोद्दीननं विचारलं की उलटं काय करून राह्यले. ड्रायव्हर परका माणूस, उन्हानं कावलेला. म्हणाला, इथलं काम पूर्ण झालं म्हणून सांगितलंय, ह्या दुसऱ्या गावाला न्यायच्या. भुजंग ट्रकपुढं आडवा उभा राहिला. ड्रायव्हर खाली उतरला आणि हात जोडले. म्हणाला, दादा, मला अडवून काय मिळणार, मी तर भाड्यानं चालवतो. ते खरंच होतं. भुजंग बाजूला झाला. नळ्या गेल्या. जिथं ठेवल्या होत्या तिथं गवत पिवळं पडलेलं, गोल गोल.

फकरोद्दीन आणि भुजंग जालन्याला आले. तुमची बदली झाली होती. तुमच्या जागी नवीन साहेब, आणि साहेबापर्यंत पोचायच्या आधी कारकून. त्यानं दोघांना दारातच उभं ठेवलं. सावलीत तरी उभं राहू द्या, असं भुजंग म्हणाला तेव्हा कारकून म्हणाला, ऑफिसमध्ये गर्दी करू नका. दोघंच तर होते. कारकुनानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि सांगितलं की रस्ता पूर्ण आहे.

“नळ्या न्हाईत,” फकरोद्दीन म्हणाला.

“फोटोत आहेत.”

“फोटोत हायेत. ओढ्यात न्हाईत.”

“फोटोत आहेत म्हणजे आहेत. पूर्ण झालेल्या रस्त्याला पुन्हा नळ्या कशा देणार?”

“मंग मुलींची गाडी फोटोतूनच सोडा,” भुजंग म्हणाला.

आवाज ऐकून आतून नवीन साहेब बाहेर आले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. विचारलं की आधीच्या साहेबांनी लेखी काही दिलंय का. फकरोद्दीन म्हणाला की लेखी नाही, पण त्यांनी आमच्या तांब्यातलं पाणी पिलं, मग मी पिलो, मग त्यांनी टिकाव उचलला. असं म्हणताना त्यानं हातानं तांब्या धरून दाखवला. कारकून हसला.

“पाणी तर आम्ही सगळीकडंच पितो, चाचा.”

साहेब हसले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की पुढच्या वर्षीच्या आराखड्यात बघू, पण पूर्ण दाखवलेला रस्ता आराखड्यात परत घेता येत नाही. म्हणजे रस्ता नसता तर रस्ता मिळाला असता. वस्तीनं तो स्वतः केला म्हणून तो आता कधीच मिळणार नाही. भुजंगाला हे उमगायला एसटी स्टँडपर्यंत चालावं लागलं. बियाण्यांच्या कंपन्यांच्या पाट्यांखालून चालता चालता तो मधेच थांबला आणि म्हणाला, फकरूभाई, आपण काहीच केलं नसतं तर बरं झालं असतं की. फकरोद्दीन चालत राहिला.

मग जूनच्या सुरुवातीला वळवाचा एक मोठा पाऊस झाला. जे व्हायचं तेच झालं. नळ्या आल्यावर चर खणून बसवायच्या म्हणून ओढ्यात भराव आधीच घातलेला आणि पाणी जायला नळी नाही, म्हणजे तो रस्ता नव्हताच, बांध होता. पाणी तुंबलं आणि फिरून भुजंगाच्या रानात शिरलं. नांगरून, ढेकळं फोडून तयार ठेवलेलं रान, त्यात कमरेएवढं पाणी उभं राहिलं. आणखी एक पाऊस झाला असता तर वरची सगळी माती धुऊन गेली असती.

सकाळी भुजंग फावडं घेऊन भरावावर आला. आला आणि तसाच उभा राहिला. भराव फोडल्याशिवाय रान वाचत नव्हतं. ते त्यानं स्वतःच्या हातानं घातलेलं काम होतं, सगळ्यांत जास्त त्याचंच. फावडं उचलायचा आणि खाली ठेवायचा. वस्ती गोळा झाली. मग फकरोद्दीन आला. त्यानं भुजंगाच्या हातातून फावडं काढून घेतलं.

“झाडं मी माझ्या हातानं तोडली. हे तुझ्या हातानं नको.”

दाबून दाबून बसवलेला मुरूम लवकर निघत नव्हता. हाशिमचं टायर इतकं नीट फिरलं होतं. फकरोद्दीनला शेवटी टिकाव घ्यावा लागला. आधी बारीक धार लागली, मग चर पडला, आणि पाणी एकदम मोठ्या आवाजानं सुटलं. मुरूम, दगड, नूरबीनं डोक्यावर वाहिलेलं सगळं लाल पाण्यात खाली चाललं. बारावीच्या चौकशीला कॉलेजकडं निघालेली फलक भरावाच्या पलीकडं राहिली होती. तुटलेल्या रस्त्याच्या त्या काठावर ती आणि या काठावर बाप. ती तिथूनच पाण्याच्या आवाजाच्या वर ओरडली.

“अब्बा, सावड उन्हों ने डुबाई. मेरी बारी तुम काय कू डुबाते?”

सगळ्या वस्तीनं ऐकलं. फकरोद्दीननं टिकाव थांबवला. गाडी आली तर पढ, हे त्याचं बोलणं होतं. आपल्या बोलण्याला चिकटून राहणारा माणूस तो. तुम्ही तुमच्या बोलण्याला चिकटला नाहीत, म्हणून आता त्याचं बोलणं पोरीच्या पायात आलं होतं. पाणी उतरल्यावर हाशिम ओढ्यात उतरला, फलकच्या हातातलं दप्तर घेतलं आणि तिला या काठावर आणलं. ओढा ओलांडल्यावर त्यानंच वाकून तिच्या चपला तिच्यापुढं ठेवल्या.

जेवताना फकरोद्दीन म्हणाला की उद्या जालन्याला जायचं, आणि फलकनंही यायचं. नूरबीनं विचारलं, आता तिथं कोणाला भेटायचं राहिलंय. तो म्हणाला, कोणाला भेटायचं नाही, फक्त ठेवून यायचं. नूरबीला लगेच समजलं. ती म्हणाली, “ऑफिस कू दरवाजा रहता, दहलीज नई रहती.” फकरोद्दीन म्हणाला, उंबरा नसू दे, दरवाजा आहे ना, पुरे.

हाशिमनं दुकानातून ओळखीच्याचा टेम्पो आणला. फकरोद्दीन, भुजंग, फलक आणि वस्तीतली येतील तेवढी माणसं. ऑफिस उघडायच्या आधीच ती तुमच्या दारात पोचली. टिकाव फलकनं उचलून आणला होता. तोच, जो तुम्ही फोटोत खांद्यावर धरला होता. तिनं तो पायरीवर आडवा ठेवला आणि सगळे समोरच्या लिंबाखाली जाऊन बसले. घोषणा नाही, निवेदन नाही.

कारकून आला आणि टिकावाला वळसा घालून आत गेला. मग नवीन साहेब आले. ते फोनवर बोलत होते. त्यांनी पाय उंच केला आणि टिकाव ओलांडला. लिंबाखाली बसलेल्या माणसांनी ते बघितलं. दारातला टिकाव ओलांडून माणूस घरात जातो, हे त्यांना माहीत नव्हतं. नूरबी तिथं असती तर तिनं डोळे झाकले असते.

थोड्या वेळानं आतून हुकूम आला की ते काय पडलंय ते उचला, कोणाला लागेल. शिपाई बाहेर आला. वसंता त्याचं नाव, खेड्यातलाच माणूस. तो वाकला आणि तसाच थांबला. टिकाव बघितला, लिंबाखालची माणसं बघितली, त्यांत बसलेली पोरगी बघितली. मग सरळ झाला आणि दारातूनच आत बोलला.

“मला न्हाई जमायचं साहेब. हा उचलला तर मलाच जावं लागंल.”

साहेब म्हणाले, कुठं जावं लागेल, काय बोलतोस. वसंता म्हणाला, कामावर. मग तो स्टूल घेऊन टिकावाच्या बाजूला बसला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागला की बाजूनं जा, पाळी लागलेली आहे.

साहेब, टिकाव अजून तिथंच आहे. तुम्ही कुठल्या जिल्ह्यात बदलून गेलात ते या माणसांना माहीत नाही. आता कोणाला पाणी पाजायला लावून, कुठल्या बांधावर उभं राहून लोकसहभाग सांगताय, तेही माहीत नाही. ज्यांनी हात लावला नाही त्यांना म्हणता आळशी आहेत. ज्यांनी हात लावला त्यांना म्हणता काम पूर्ण आहे. मग माणसानं नेमकं करायचं काय, ते एकदा सांगून टाका.

भराव पुन्हा घालू, असं भुजंग म्हणतो. मुरूम आहे, हात आहेत. नळ्या मात्र त्याला बनवता येत नाहीत. सोमवारी कॉलेज उघडतंय. फलकनं दप्तर भरून ठेवलंय. तिच्या बापानं अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. तो लिंबाखाली बसून तुमच्या दाराकडं बघतोय. सावली सरकली आहे. टिकावाच्या पात्यावर आता ऊन पडलंय, आणि बरडवस्तीनं हे याआधी कधी पाहिलेलं नाही.

खुर्चीत जो कोणी असेल त्यानं बाहेर यावं आणि या माणसाला, त्याच्या पोरीसमोर, तोंडानं सांगावं. पाळी तुमची आहे. उचलता का न्हाई?